पोरं डब्याला चौकोन आणि पाइपला गोल म्हणतात, दरवर्षीचा हा घोळ कसा सोडवायचा

मी जत तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवर आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे, आणि गेली एकोणीस वर्षं एकच बिघाड दुरुस्त करतेय, पोरं जाडी असलेल्या वस्तूला कागदावरच्या सपाट आकृतीचं नाव देतात. फासा दाखवला की पोरगं चौकोन म्हणतं, पाइप दाखवला की गोल, वाढदिवसाची टोपी दाखवली की त्रिकोण. आपण समजावून सांगतो, ते मान डोलावतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. परवा पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन, ताई अगं हा परत बॉलला सर्कल म्हणतोय, मी आता डोकं फोडून घेऊ का. तिचं पोरगं इंग्लिश मीडियमला, माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलणारी, तरी बिघाड तोच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी लक्षणं

सगळ्यात फसवं लक्षण पहिल्यांदा सांगते. चेंडू दाखवला, पोरगं म्हणालं गोल, आपण शाब्बास म्हणून पुढे गेलो. आता गंमत अशी की मराठीत चेंडूच्या आकाराचं पुस्तकातलं नाव खरोखरच गोल आहे, म्हणजे उत्तर शंभर टक्के बरोबर आलं आणि पोराला काय कळलंय ते आपल्याला काहीच कळलं नाही. त्यामुळे चेंडू एकटा कधीच दाखवू नका. चेंडू, बांगडी, पोळी आणि पाइपचा तुकडा असं चौघांना शेजारी मांडा आणि एकेकाचं विचारा. चारही गोल निघाले तर बिघाड आहे, आणि जिथून निघतोय ती जागा पण सापडली.

बाकीची लक्षणं अशी. काड्यापेटी आडवी ठेवली तर एक नाव, उभी केली की दुसरं. तक्त्यावरचा घन, म्हणजे फाशासारखा आकार, ओळखतं पण हातातला फासा ओळखत नाही, किंवा नेमकं उलटं. घन आणि इष्टिकाचिती (विटेसारखा आकार) दोन्ही "चौकोनी डबा". नावं घडाघडा पाठ, घन इष्टिकाचिती वृत्तचिती शंकू गोल, एका दमात, पण वर्गातली एक वृत्तचिती, म्हणजे नळीसारखी वस्तू, आणून दे म्हटलं की छताकडे बघत बसतं. आणि जरा मोठ्या पोरांचं, चौथी-पाचवीच्या, डब्याची पृष्ठं, म्हणजे सपाट अंगं, मोजायला सांगितली की दरवेळी वेगळा आकडा.

यातली दोन-तीन दिसली तर खालचं एकेक करत जा. वरून खाली खर्च आणि मेहनत वाढत जाते, त्यामुळे मधूनच सुरुवात करू नका. माझा अनुभव असा की निम्मी पोरं पहिल्या तीन पायऱ्यांतच सुटतात, आणि त्या तीनमध्ये पोराचं काही चुकत नसतंच, चुकत असतं आपलं.

पहिलं, आपण विचारलं काय ते बघा (फुकट)

आपण डबा धरतो आणि विचारतो, "याचा आकार काय?" पोराच्या समोर डब्याची पुढची बाजू असते, ती चौकोनी दिसते, ते चौकोन म्हणतं. खोटं काय बोललं ते? त्याने जे दिसलं त्याचं नाव सांगितलं, आपल्याला हवं होतं अख्ख्या डब्याचं. दोन वेगळे प्रश्न आहेत ते, आणि आपण एकाच वाक्यात विचारतो.

मी आता असं करते. डब्याच्या एका पृष्ठावर तळहात सपाट ठेवते आणि विचारते, "हे एवढंच, हे काय?" चौकोन. बरोबर. मग दोन्ही हातांनी डबा कवेत घेतल्यासारखा धरते, "आणि हा अख्खाच्या अख्खा?" हाताचा हा फरक पोरं लगेच पकडतात. दोन-तीन दिवसांनी पोरं स्वतःच विचारतात, बाई एवढंच का अख्खा? असं विचारणाऱ्या पोराची काळजी सोडून द्या, त्याला कळलंय, नाव आज ना उद्या येईल.

हे आधी का बघायचं, तर प्रश्न चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया. बरोबर उत्तराला आपण चूक म्हणत राहतो आणि पोरगं अंदाज मारायला शिकतं, बाईंना काय हवंय ते तोंडाकडे बघून ओळखायचं. एकदा ती सवय लागली की मग घनाकृती, म्हणजे जाडी असलेले आकारच काय, काहीच शिकवता येत नाही.

दुसरं, घरातलं तोंड तपासा (हेही फुकट, पण जड जातं)

आपण दिवसभरात गोल किती वेळा म्हणतो ते मोजा एकदा. गोल पोळी, गोल टेबल, गोल चेहरा, गोल डबा, गोल बांगडी, गोल गोल फिरू नको. मराठीतल्या या एका शब्दात वर्तुळ पण मावतं, पाइप पण मावतो, लाडू पण मावतो. कन्नडमध्ये पण दुंडु म्हटलं की तसंच सगळं आत, त्यामुळे माझ्या पोरांना दोन्हीकडून मार. चौकोनीचं पण तेच, चौकोनी रुमाल आणि चौकोनी डबा. आणि मग एका सोमवारी शाळेत अचानक सांगितलं जातं की आजपासून हे सगळे वेगवेगळे शब्द.

उपाय साधा आहे, आठवडाभर घरात गोल हा शब्द जपून वापरायचा. पोळी, बांगडी, ताटाची कड यांना "वर्तुळासारखी". लाडू, चेंडू, बोर यांना "चेंडूसारखा". पाइप, बॅटरीचा सेल, उदबत्तीचं नळकांडं यांना "नळीसारखं". अजून शास्त्रीय नाव नाहीच, फक्त तीन ढीग वेगळे करायचे. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली एवढं सोपं? आणि संध्याकाळी तिनेच पोराला हाक मारली, चल रे तो गोल डबा घेऊन ये. व्हिडिओ कॉल चालू होता, मी हसत बसले.

आणखी एक शब्द बाजूला काढून ठेवा, "बाजू". घनाला बाजू किती? कुणी सहा म्हणेल, पृष्ठं धरून. कुणी चार म्हणेल, चौकोनाच्या बाजू चार असं मागच्या वर्षी पाठ केलेलं. एखादा हुशार बारा म्हणेल, कडा मोजून. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि मास्तर तिघांवर पण चिडलेला. घनाकृतीला पृष्ठ, कडा, कोपरा हेच तीन शब्द ठेवा, बाजू फक्त कागदावरच्या आकृतीला.

आणि कोन! आइस्क्रीमचा कोन, मेंदीचा कोन, आणि पाचवीत भूमितीतला काटकोन-लघुकोनवाला कोन. पोराने शंकूला कोन म्हटलं तर ते चुकलं असं म्हणू नका, त्याने बाजारातला शब्द वापरला, फक्त शंकू हा शब्द आताच जोडून द्या म्हणजे पुढे गोंधळ नाही.

तिसरं, चित्र आणि मोबाईल बाजूला ठेवा (अजूनही फुकट)

तक्त्यावरचा घन नीट बघा कधी. पुढचा चौकोन सरळ, बाकीचे दोन तिरके, मागच्या कडा तुटक रेषेने. आपल्याला तो घन दिसतो कारण आपण हजार वेळा बघितलाय. सहा वर्षांच्या पोराला तिथे एक चौकोन आणि दोन वाकडे पतंग दिसतात, आणि चित्रातल्या चेंडूला तर वर्तुळाशिवाय दुसरं काही दिसायचा मार्गच नाही, थोडं शेडिंग केलं तर केलं. जाडी नसलेल्या कागदावर आपण जाडी शिकवतोय.

मोबाईलचं पण तसंच. भाचा मला स्क्रीनवर बॉल दाखवतो आणि सर्कल म्हणतो, तर स्क्रीनवर ते सर्कलच असतं ना. मी त्याला म्हटलं बॉल तुझ्याकडे आहे, डोळे मिट आणि हातात फिरव, मग सांग.

नेदरलँड्सच्या व्हॅन हीली नावाच्या शिक्षक नवरा-बायकोने १९५७ साली भूमिती शिकण्याचे टप्पे मांडले होते, त्यात अगदी पहिला टप्पा म्हणजे मूल आकार एकूण दिसण्यावरून ओळखतं, गुणधर्मावरून नाही. म्हणून काड्यापेटी उभी केली की नाव बदलतं, कारण दिसणं बदललं. त्याला सहा पृष्ठं असतात हा मुद्दा अजून त्याच्या डोक्यात शिरलेला नसतो. मग इलाज काय, तर वस्तू हातात द्यायची आणि फिरवू द्यायची, उभी आडवी उलटी, आणि दर वेळी विचारायचं, बदलली का? तीच आहे का?

चित्र नंतर येऊ दे, शेवटी.

चौथं, वस्तू चोख आहेत का (घरातल्याच, पण निवडून)

इथे मी स्वतः दोन वर्षं फसलेय. वृत्तचिती म्हणून लाटणं दाखवायचे. एका पोरीने लाटणं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, बाई हे मधी फुगलंय. खरंच फुगलेलं होतं. वर्गातला साच्यातला खडू घ्या, एक टोक जाड एक बारीक. पाण्याचा पेला वर रुंद खाली अरुंद. मोदक शंकू नाही, त्याचं पोट सुटलेलं असतं आणि वर कळ्या. नारळ आणि अंडं गोल नाहीत. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं, पण पोरगं पहिल्यांदा शिकताना पेला आणि सेल दोन्हींना वृत्तचिती ऐकतं आणि मग बादलीला पण म्हणतं, आणि आपण म्हणतो चूक. का चूक?

चोख वस्तूंची माझी यादी: लुडोचा फासा (कोपरे घासलेले असतात, चालतं), वीट, काड्यापेटी, साबणाचं खोकं, टॉर्चचा सेल, पायपाचा तुकडा दोन्ही टोकं झाकून, घरी जुनं धान्याचं मापटं असलं तर ते, कंचा म्हणजे गोटी, रबरी चेंडू, वाढदिवसाची टोपी, आणि बाजारात फुटाणेवाला कागद गुंडाळून करतो तो पुडा. पुडा तर सगळ्यात भारी, कारण पोरांसमोर सपाट कागदाचा शंकू होतो आणि खाऊन झाल्यावर परत कागद होतो.

शाळेत गणित पेटी आलेली असेल तर त्यातले लाकडी-प्लास्टिकचे आकार वापरा, कपाटात कुलूप लावून ठेवू नका, हरवले तर हरवले. विकतचा सेट घ्यायची मात्र घाई नको. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूच्या शंख-शिंपल्या, बिया, दगडांवर बालवाड्या चालवून दाखवल्या, तिथे साबणाच्या खोक्याला आपण का लाजायचं.

सुरुवातीला चोख, आणि पंधरा दिवसांनी मुद्दाम वेड्यावाकड्या वस्तू आणा. हा पेला वृत्तचिती आहे का? भांडू द्या पोरांना. आमच्याकडे पेल्यावरून एकदा पूर्ण तास गेला, शेवटी एकाने पेला जमिनीवर घरंगळवला, तो सरळ न जाता वळला, आणि तिथेच फैसला झाला.

पाचवं, घरंगळण (एक फळी आणि दोन विटा)

मला एकच उपाय निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. फळी एका बाजूने विटांवर टेकवून उतार करायचा आणि एकेक वस्तू वरून सोडायची. सोडण्याआधी पोरांना विचारायचं, घरंगळेल का घसरेल का बसेल.

फासा आणि साबणाचं खोकं, बसतात किंवा उतार वाढवला की घसरतात. सेल आडवा ठेवला तर सुसाट, उभा ठेवला तर घसरतो किंवा धडपडतो. गोटीला मात्र कशीही ठेवा, ती निघालीच, तिला बसायला सपाट जागाच नाही. आणि शंकू. शंकूची टोपी आडवी सोडली की ती सरळ खाली यायच्या ऐवजी वळते. मग फळी काढून सपाट फरशीवर हलकेच ढकलायची, ती आपल्याच टोकाभोवती फेरा मारते, कंपासने वर्तुळ काढावं तशी. टोक जवळपास जागच्या जागी आणि बूड गोल फिरतंय. हे पहिल्यांदा बघताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, मी एकोणीस वर्षं बघतेय, कंटाळा आलेला नाही. गेल्या वर्षी एक पोरगा टोपीच्या मागे मागे रांगत गेला आणि ती जिथून निघाली तिथेच परत आल्यावर म्हणाला, बाई ही घरला आली.

याने काय होतं, तर आकाराला दिसण्यापलीकडचं काहीतरी मिळतं. सेल आणि गोटी दोन्ही "गोल" होते, पण एकाला बूड आहे, ते उभं राहतं, दुसऱ्याला बूडच नाही. आता दोन वेगळे शब्द का लागतात हे पोराला स्वतःलाच पटतं, आपल्याला सांगायला लागत नाही.

सहावं, पिशवी आणि नावं (एक कापडी पिशवी)

बाजाराची कापडी पिशवी घ्या, आत चार वस्तू टाका, पोराने न बघता हात घालून सांगायचं. ही पायरी फार महत्त्वाची, कारण इथे कळतं की बिघाड आकार समजण्यात आहे का नाव आठवण्यात आहे. दोन्हीवरचे उपाय वेगळे.

आधी नाव विचारूच नका. बाहेर तशीच दुसरी जोडी मांडून ठेवा आणि म्हणा, "पिशवीतून असलंच काढ." बरोबर काढलं तर आकार डोक्यात पक्का आहे, फक्त नाव चिकटलेलं नाही, म्हणजे किरकोळ काम. नाही काढता आलं तर मागे जा, पाचव्या पायरीवर आणखी आठवडाभर थांबा.

नाव चिकटवायला माझ्याकडे एकच पद्धत आहे, तीन पावलांची. मुळात एदुआर सेग्विन नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, मारिया माँटेसरींनी ती जगभर नेली, आणि त्या १९३९ मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळे पुढची काही वर्षं इथेच राहिल्या, तेव्हा आपल्याकडच्या किती तरी शिक्षकांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं. पहिलं पाऊल, हा शंकू, हा गोल. दुसरं, शंकू मला दे, गोल खिडकीत ठेव, शंकू डोक्यावर घाल. तिसरं, हे काय? आपण काय करतो, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी. सांगितलं की लगेच विचारलं. मधलं पाऊल सगळ्यात लांब असायला पाहिजे, दहा-पंधरा वेळा, खेळत खेळत, तिथे पोराला नाव बोलावं लागत नाही, फक्त ऐकून ओळखावं लागतं. तिसऱ्यात चुकलं तर ओरडायचं नाही, गुपचूप दुसऱ्यावर यायचं.

एका वेळी दोनच, फार तर तीन नावं. आणि पहिल्या दिवशी एकमेकांपासून लांबची घ्या, गोल आणि घन. घन आणि इष्टिकाचिती एकाच दिवशी कधीच नाही, दोन्ही कायमची चिकटून बसतात.

इष्टिकाचिती या शब्दाबद्दल थोडं. पोरांची जीभ अडखळते, पालकांची पण. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला थर, म्हणजे वीट रचून झालेला आकार. एवढं सांगितलं आणि हातात वीट दिली की शब्द हलका होतो. महिनाभर मी नुसतं "वीट-आकार" चालवून घेते, मग हळूच इष्टिकाचिती. वृत्तचिती पण तशीच फोडा, वृत्त म्हणजे वर्तुळ, वर्तुळावर वर्तुळ रचत गेलं की नळी. रुपयाच्या नाण्यांची चळत रचून दाखवली की झालं, प्रत्येक नाणं म्हणजे एक बुटकी वृत्तचितीच. कुठे कुठे हिलाच दंडगोल म्हणतात, दोन नावं एकाच वस्तूची हे पोरांना सांगा, नाहीतर ती सहावी नवी आकृती शोधत बसतात. सेमी इंग्लिशवाल्यांना क्यूब-क्युबॉईडचं तेच, शब्दच एकमेकांसारखे, तिथे पण एकाला फासा आणि दुसऱ्याला वीट हीच खूण धरा.

एखादं चौकस पोरगं विचारतं, घन पण इष्टिकाचितीच ना? हो. सगळ्या पृष्ठांचे चौकोन सारखे झालेली खास इष्टिकाचिती. विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर दुसरीत उगाच काढू नका.

सातवं, खोकं उलगडा (रद्दी, कात्री, आणि घरभर कचरा)

इथून मेहनत सुरू. टूथपेस्टचं खोकं घ्या, चिकटवलेल्या जागा नखाने सोडवा, सपाट पसरा. चिकटवायच्या पट्ट्या कापून टाका, नाहीतर पोरं त्या पण पृष्ठ म्हणून मोजतात. राहिले सहा आयत, दोन दोन सारखे. परत दुमडा, खोकं. यालाच घडणी म्हणतात, पाचवीला येतं, पण हाताने दुसरीतलं पोर पण करतं. डब्याभोवतीचं लेबल सोडवलं की आयत निघतो, टोपी उलगडली की पंख्यासारखा तुकडा. आणि गोल? संत्र सोला आणि साल फरशीवर सपाट बसवून दाखवा. फाटते, बसत नाही. कुणालाच बसवता येत नाही, म्हणून तर जगाचे सपाट नकाशे सगळे कुठे ना कुठे ताणलेले असतात.

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मोठ्या पोरांना घनाच्या घडणी शोधायला लावा, एकूण ११ होतात, फिरवून उलटून तीच आलेली धरायची नाही. लुडोच्या फाशाच्या समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज ७ असते, ती घडणीवर लिहून दुमडायला सांगितली की खरी परीक्षा.

मोजणीत दरवेळी वेगळा आकडा येतो त्याचं कारण एकच, कुठून सुरू केलं ते पोरगं विसरतं. फाशाच्या आकाराचं खोकं द्या आणि आईच्या टिकल्यांचं पाकीट. प्रत्येक कोपऱ्याला एक टिकली, ८ झाल्या. प्रत्येक कडेवर खडूची रेघ ओढत मोज, १२. पृष्ठावर तळहात मारत मोज, ६. आमच्याकडे एकीने घरातल्या सगळ्या टिकल्या संपवल्या, आई शाळेत आली होती भांडायला.

काड्यांचा सांगाडा पण इथेच. खराट्याच्या सारख्या लांबीच्या १२ काड्या आणि चिकणमातीच्या ८ गोळ्या. पहिला सांगाडा हमखास एका बाजूला कलतो, रडारड होते, होऊ दे. त्रिकोणी बुडाची सूची, म्हणजे वर एका टोकाला मिटणारा आकार, ६ काड्या आणि ४ गोळ्यांत होते आणि ती मात्र कलत नाही, घट्ट उभी राहते. विजेच्या टॉवरवर तिरके गज कशाला असतात ते त्या वेळी दाखवून ठेवा.

आठवं, बाहेर पडा (एसटीचं भाडं)

आमच्याकडून विजापूर जवळ, त्यामुळे सहल म्हटली की गोल घुमट. १६५६ मध्ये पूर्ण झालेली मुहम्मद आदिलशहाची कबर. सगळे आवाज घुमवायला वर पळतात, मी पोरांना आधी खाली लांब उभं करते. खाली काय दिसतं? प्रचंड घनासारखं बूड, जमिनीवरची एकेक कडा सुमारे ४७.५ मीटरची. वर काय? अर्धा गोल. चारही कोपऱ्यांना काय? आठ बाजूंचे मनोरे, म्हणजे अष्टकोनावर अष्टकोन रचलेली चिती. नाव गोल घुमट आणि बूड घन, हे पोरांना इतकं आवडतं की परत येताना एसटीत एकच आरडाओरडा, टायर काय, बस काय, हॉर्न काय. तुमच्या गावात पाण्याची टाकी असेल, मंदिराचं शिखर असेल, उसाच्या ट्रॉल्या असतील, तेही चालतं.

चित्र काढायला लावणं यानंतर, सगळ्यात अवघड म्हणून सगळ्यात शेवटी.

कुठे थांबायचं आणि कोणाला गाठायचं

मूल चार-साडेचारचं असेल तर पाचव्या पायरीच्या पुढे जाऊ नका, खेळू दे नुसतं. कुठल्याही वयात एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं, ते जांभया द्यायला लागलं की तुम्ही पण उठा. नावं यायला दोन-तीन महिने लागले तर त्यात काही विशेष नाही.

पण खालच्या गोष्टी दिसल्या तर पिशवी आणि फळी ठेवून द्या, त्या माझ्या किंवा तुमच्या हातातल्या नाहीत.

वस्तू डोळ्याजवळ नेऊन बघतं, मान तिरकी करतं, उन्हात नसताना एक डोळा मिटतं, पायरी उतरताना चाचपडतं, हळू टाकलेला मोठा चेंडू पण झेलता येत नाही. आधी डोळ्यांचे डॉक्टर. एका डोळ्याने अंधुक दिसत असलं तरी पोरगं कधी तक्रार करत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. आळशी डोळा असेल तर उपचार जितक्या लवकर तितका फायदा, सात-आठ वर्षांनंतर अवघड होत जातं. माझ्या वर्गात असं एक पोर होतं, मी दोन महिने फासे दाखवत बसले आणि शेवटी निघाला चष्म्याचा नंबर, त्याची बोचणी अजून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, तपासणी आणि पुढे पाठवणं फुकट असतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि पथकाला स्वतःहून सांगा काय दिसलंय ते.

आकाराचीच नाही, रोजच्या वस्तूंची पण नावं येत नाहीत, मागून हाक मारली तर वळत नाही, तर कान तपासून घ्या.

पिशवीत हात घालून चेंडू कुठला आणि खोकं कुठलं हेही पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, किंवा तीन-चार ठोकळे एकावर एक रचता येत नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ते सांगतील तसं जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर बघतात ते) जा.

आधी येत असलेलं अचानक यायचं बंद झालं, बोलणं किंवा चालणं मागे गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर, पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

आठ वर्षं झाली, डोळे-कान ठीक, वरचं सगळं मनापासून करून झालं, आणि आकारासोबत अक्षरं, अंक, डावं-उजवं पण सतत उलटसुलट होतंय, तर शाळेतून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा, तिथे समावेशित शिक्षणाचे, म्हणजे वेगळ्या गरजेच्या मुलांसाठीचे, विशेष शिक्षक असतात. जाताना "त्याला गणित जमत नाही" एवढंच सांगू नका, त्याने काही कळत नाही. पिशवीतून जोडी काढली का, उभी-आडवी काड्यापेटी एकच आहे हे ओळखलं का, ऐकून वस्तू दिली पण नाव बोललं नाही का, हे वहीत तारखेसकट लिहून न्या. मी त्या वहीचं एक पान प्रत्येक पोरासाठी ठेवते, आणि वस्तूंची पिशवी पण सोबत देते, फक्त गोट्या मोजून देते, कारण त्या परत येत नाहीत.